बासष्ट सेकंदांचं शेत

आमच्या कार्यालयात जीपीएस आलं, तेव्हा त्याला हार घातला होता. खोकी उघडून सहा यंत्रं टेबलावर ओळीनं मांडली, नारळ फोडला आणि वरून आलेल्या पाहुण्यांनी त्यातलं एक हातात धरून उपग्रहांच्या युगाविषयी चाळीस मिनिटं भाषण केलं. मग प्रात्यक्षिक झालं. सभागृहाचं छत सिमेंटचं. यंत्राच्या पडद्यावर ‘उपग्रह शोधत आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य उमटलं आणि पाहुण्यांची गाडी निघेपर्यंत ते तसंच राहिलं. बाहेर अंगणात, दहा पावलांवर, स्वच्छ आभाळ होतं. पण व्यासपीठ आत होतं.

मी वनखात्यात सर्वेक्षक होतो. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्याचं जे जंगल सुरू होतं, त्यात माझी बहुतेक नोकरी गेली. आधीची पंधरा वर्षं लोखंडी साखळी ओढत आणि होकायंत्र डोळ्याला लावून जंगल मोजलं. साखळी ओढायला चार माणसं लागत, दुपारी त्यांच्यात भांडण होई आणि संध्याकाळी कागदावर हद्द जुळत नसे. मग हे मुठीत मावणारं यंत्र आलं. दोन पेन्सिल सेल घातले की चालायचं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, जीपीएसला रस्ता माहीत असतो. आमच्या यंत्राला एकच गोष्ट कळायची: आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत. त्यासाठी त्याला वरचे निदान चार उपग्रह दिसावे लागत. उन्हाळ्यात साग उघडा होतो, तेव्हा ते धडाधड दिसत. पावसाळ्यात एकेक पान जेवणाच्या पत्रावळीएवढं झालं की यंत्र आंधळं. एखाद्या ठिकाणी ‘खूण’ साठवून ठेवली, की पुढं कधीही बाण त्या दिशेनं वळायचा आणि अंतर सांगायचा. बाण सरळ रेषेत दाखवायचा. मध्ये नाला आहे, बांबूचं रान आहे की अस्वलाची गुहा आहे, हा आपला प्रश्न.

एकदा पुण्याहून एक गिर्यारोहक साहेब आले. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा भारी यंत्र होतं आणि त्याला साजेसे बूट. जुन्या सागाचा एक पट्टा त्यांना पाहायचा होता. बाणानं चारशे मीटर दाखवलं आणि ते सरळ निघाले. आमच्याबरोबरचा वनमजूर दसरू म्हणाला, ‘‘मी तं फिरून येतो.’’ तो दीड किलोमीटरचा वळसा घेऊन मला पोचवून, बिडी ओढून मोकळा झाला, तेव्हा साहेब काटेरी वेलींतून बाहेर आले. एका बुटाचा तळ नाल्यात राहिला होता. साहेबांनी यंत्राला शिव्या दिल्या. यंत्रानं अंतर बरोबर सांगितलं होतं.

दसरूबद्दल सांगायला हवं. दसरू गोंड, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, सडपातळ, डोक्याला कायम टॉवेल. मी त्याला दसरूभाऊ म्हणायचो. तो मला साहेब म्हणायचा; सर्वेक्षकाला साहेब म्हणणारा खात्यात तो एकटाच. यंत्राशी त्याचं सुरुवातीला जमलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात सागाखाली मी वीस मिनिटं यंत्र वर धरून उभा होतो. तो शेजारी उकिडवा बसून पाहत होता. शेवटी म्हणाला, ‘‘याले आभाळ दिसून नाई राह्यलं, मंग जमीन काय सांगन?’’

पुढं मात्र त्याला त्याचा नाद लागला. मे महिन्यातही पाणी राहणारा झरा, आग्या मोहोळाचा खडक, जिथं एकदा वाघ आमच्याकडे पाहत निवांत बसून राहिला होता ती वाट, असल्या जागी आलो की तो थांबायचा. ‘‘हे टाकलं का त्याच्यात?’’ मी खूण साठवायचो. एकदा विचारलं, दसरूभाऊ, तुम्हाला तर डोळे मिटून सापडतं, मग यात कशाला? तो म्हणाला, ‘‘मले तं माहीत आहे. तुमाले मनून.’’

आता राजेबाईच्या शेताची गोष्ट.

जंगलाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांना कायद्यानं तिचा हक्क मागता येतो. त्यासाठी दावा भरायचा आणि दाव्याला शेताची मोजणी जोडायची. दसरूच्या शेजारच्या गावात राजेबाई नावाची एक म्हातारी गोंड बाई होती. नवरा गेलेला, मुली सासरी. जंगलाच्या कडेला तिच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, होते. सगळं मिळून दोन एकरांना थोडं कमी. एप्रिलमध्ये आम्ही मोजायला गेलो, तेव्हा ती धुऱ्याबाहेरच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधापलीकडच्या, मोहाखाली फुलं वेचत होती. टोपली बाजूला ठेवून हात पुसत आली.

मोजणी सोपी असते. यंत्र चालू ठेवून शेताला एक फेरा मारायचा, चारही कोपऱ्यांवर थांबून खूण घ्यायची. आमच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं चालावं. राजेबाई उलटी निघाली, शेत डाव्या हाताला ठेवून. मी थांबवलं, तर म्हणाली, ‘‘आमच्यात फेरा असाच असते, भाऊ. लग्नातला बी.’’ यंत्राला त्याचं काही नव्हतं. मग पुस्तिकेलाही काही नसावं, असं मी ठरवलं आणि तिच्यामागून चाललो.

ईशान्येच्या कोपऱ्यावर ती धुऱ्यावर न थांबता पुढं मोहापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. मोह धुऱ्यापासून आठ पावलांवर. ‘‘हा बी घ्या,’’ म्हणाली. तिच्या सासऱ्यानं राखलेलं झाड होतं. मी नियम सांगितला: कसलेली जमीन तेवढीच मोजायची. तिनं वाद घातला नाही. मोहाच्या खोडाला हात लावून परत आली आणि मी धुऱ्यावर खूण घेतली. नियमाप्रमाणं वागल्याचं समाधान तेव्हा मला फार होतं.

कार्यालयात येऊन मी आकडे अर्जात उतरवले. इथं माझी चूक झाली आणि ती समजायला थोडा धीर लागेल. पृथ्वीवरची जागा अंशांत सांगतात. एका अंशात साठ मिनिटं, एका मिनिटात साठ सेकंद; घड्याळासारखंच. अर्जात अंश, मिनिट, सेकंद असे तीन रकाने होते. माझं यंत्र मात्र सेकंद दाखवत नव्हतं. ते मिनिटं दाखवायचं आणि पुढं टिंब देऊन मिनिटाचे शंभर भाग करायचं. टिंबानंतर पंचेचाळीस म्हणजे शंभरातले पंचेचाळीस भाग, म्हणजे सत्तावीस सेकंद. मी टिंबानंतरचे आकडे उचलून जसेच्या तसे सेकंदांच्या रकान्यात भरले. सुबक अक्षरात.

माझ्या सहीखाली आणखी चार सह्या झाल्या, चार शिक्के बसले. पूर्वेकडच्या दोन्ही कोपऱ्यांपुढे सेकंद होते बासष्ट. ज्या मिनिटात बासष्ट सेकंद असतात, ते घड्याळ पाच जणांपैकी एकालाही खटकलं नाही.

वर्षभरानं, मे महिन्यात, दावा परत आला. शेरा असा होता: जागा तलावाच्या पाण्यात दिसते; दावा दोन एकरांचा असून नकाशात साडेपाच एकर भरते; सबब अमान्य; प्रत्यक्ष स्थळी खात्री करावी. आणि त्याच सुमारास त्या भागात रोपवनाची आखणी झाली. कागदावर तिथं कुणाचं शेत नव्हतं, म्हणून राजेबाईच्या बांध्याही त्यात आल्या. पावसाआधी सागाचे खड्डे खणायचे होते. एकदा शेतात सरकारी रोप उभं राहिलं, की ते काढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

राजेबाईला बोलावून शेरा वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मंग माहं धान काय मासोळ्या कापतेत?’’

दुसऱ्या दिवशी मी आणि दसरू खात्री करायला निघालो. अर्जातले आकडे यंत्रात घालायचे आणि ते नेईल तिथं जायचं. त्यासाठी यंत्र अंश-मिनिट-सेकंदांवर वळवून घेतलं आणि पहिला कोपरा भरला. बाण शेताकडे पाठ करून ईशान्येला वळला. किलोमीटरभर चालल्यावर मालगुजारीच्या काळातला तलाव लागला. बाण पाण्याकडे दाखवत होता. अजून साठ मीटर.

दसरूनं धोतर वर खोचलं. मी पँट दुमडली, पण दहा पावलांत तिचा उपयोग संपला. मे महिन्यातही तिथं कमरेएवढं पाणी होतं. यंत्र डोक्यावर धरून आम्ही चालत राहिलो. किसन नावाचा ढिवर डोंग्यातून जाळं ओढत होता. त्यानं काम थांबवून आमच्याकडे पाहिलं. ‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘पाण्यावर बी सातबारा निंगला का?’’

‘‘राजेबाईचं शेत आहे इथी,’’ दसरू गंभीरपणे म्हणाला. ‘‘तुह्या डोंग्याचा दंड लागन.’’

किसन डोंग्यात बसल्या बसल्या हसत सुटला. मलाही हसू आलं. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत मी वरिष्ठांच्या विनोदांना पुष्कळ हसलो, पण इतकं कधी हसलो नाही. यंत्रानं टुक्‌ केलं: पोचलात. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही राजेबाईच्या वायव्य कोपऱ्यावर उभे होतो.

मग मी ईशान्येचा कोपरा भरायला घेतला. अंश झाले, मिनिटं झाली. सेकंदांच्या पहिल्या घरात सहा घालायचा होता. बटण दाबत गेलो: तीन, चार, पाच आणि पुन्हा शून्य. परत दाबलं. पाचानंतर शून्य.

‘‘काऊन थांबले?’’ दसरूनं विचारलं.

‘‘हे सहा घेत नाही.’’

दसरू यंत्रावर वाकला. ‘‘मंग तुमी काऊन घेतलं?’’

माझं हसू तिथंच थांबलं. पाच सह्यांनी जे पाहिलं नाही, ते दोन पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या वस्तूनं नाकारलं होतं. शेत कुठं गेलं, तिप्पट कसं झालं, सगळं मला त्या पाण्यात उभ्या उभ्या कळलं. दसरूला सांगितलंही. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, चला, आता लिवून टाका.

मी लिहिलं. त्याच संध्याकाळी. पण काय लिहिलं? ‘यंत्रातील संभाव्य तांत्रिक बिघाडामुळे आकड्यांत तफावत आली असावी.’ बढतीची यादी त्या महिन्यात वर गेली होती. शिवाय खात्यात ‘संभाव्य’ आणि ‘असावी’ हे दोन शब्द जोडीनं आले, की माणूस सुरक्षित होतो, हे मी तोवर चांगलं शिकलो होतो. चार दिवसांत उत्तर आलं: यंत्र तपासणीसाठी नागपूरला पाठवावं, अहवाल आल्यावर प्रकरण फेरसादर करावं, तोवर रोपवनाचं काम वेळापत्रकाप्रमाणं चालू ठेवावं.

यंत्र खोक्यात घालून नागपूरला गेलं. जाताना त्याला हार नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी दसरू कार्यालयात आला. तो कधी आत येत नसे. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. म्हणाला, यंत्र नागपूरले गेलं म्हणते. मी म्हटलं, गेलं. त्याला काय झालं, असं त्यानं विचारलं. मी समोरची फाईल उघडली.

‘‘त्याले तोंड नाई,’’ तो म्हणाला, ‘‘मनून त्याच्यावर ढकललं.’’

त्यानं पुढं जे सांगितलं, ते अगदी साध्या आवाजात, हजेरी सांगावी तसं. खड्डे उद्यापासून लागणार होते. मजुरांवर देखरेख त्याचीच होती.

‘‘मी पल्याडच्या अंगानं सुरू करतो. राजेबाईच्या धुऱ्याले याले आठ दिवस लागतीन. जास्त नाई लावता येत, रेंजर साहेब खड्डे पाहाले येते.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘तुमाले लिवाले किती दिवस लागते, साहेब?’’

मला एक रात्र लागली आणि ती लिहिण्यात गेली नाही. लिहिलं ते अर्धं पान होतं. दशांश मिनिटांना मी सेकंद समजलो. यंत्र निर्दोष आहे. दावेदार बाईंनी जेवढं मागितलं तेवढंच त्यांचं शेत आहे आणि ते जागेवर आहे. हे पत्र टपालात न टाकता बसनं स्वतः वरच्या कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, बिघाडाचंच ठेवलं असतं तर चाललं नसतं का? मी म्हटलं, खड्डे चालू आहेत. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि मग सही केली. काम थांबवण्याचा आदेश सातव्या दिवशी पोचला. शेवटची ओळ धुऱ्यापासून वीसेक पावलांवर होती.

माझ्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द चढला आणि बढती लांबली. त्याचं आज काही वाटत नाही. वाटतं ते पहिल्या पत्राचं. दसरूला मी ते कधीच वाचून दाखवलं नव्हतं. त्यानं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फेरमोजणी झाली. यंत्र नागपूरहून ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत आलं होतं. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून मी राजेबाईला सांगितलं, चूक माझी होती. ती म्हणाली, ‘‘पेरताना एखांदा दाना धुऱ्याबाहेर पडतेच, भाऊ.’’ मग ती पुढं निघाली, शेत डाव्या हाताला ठेवून. ईशान्येच्या कोपऱ्यावर या वेळी ती धुऱ्यावरच थांबली. मीच पुढं गेलो आणि मोहाखाली उभा राहिलो. मोह पानांनी भरला होता, यंत्र अडखळत होतं. पडद्यावर लिहून आलं, चूक आठ मीटरपर्यंत असू शकते. यंत्राला जी सूट कबूल होती, ती मी आयुष्यात तेवढी एकदाच घेतली. खूण मोहाखाली पडली. दसरू दुसरीकडे पाहत होता.

जमिनीच्या हक्काचा पट्टा मिळायला पुढं तीन वर्षं गेली. एका मोठ्या मंडपात राजेबाईला चार तास बसवून, चुकीच्या आडनावानं पुकारून, तिच्या हातात कागद दिला. ती गर्दीतून माझ्याकडे आली आणि म्हणाली, बरोबर आहे का पाहा. मी फक्त सेकंद पाहिले. सगळे साठाच्या आत होते.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी दसरू गेला. ताप आला आणि आठवड्यात गेला. मी तेव्हा आलापल्लीला होतो. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर जंगलात गेलो की यंत्र हातात धरायचो आणि त्यातल्या खुणा एकेक वाचायचो. झरा. मोहोळ. वाघ बसला ती वाट. तीनशेच्या वर होत्या आणि त्यांतल्या निम्म्या सरकारच्या काहीच कामाच्या नव्हत्या. वहीत उतरवून घ्यायचं रोज ठरवायचो. निवृत्तीच्या दिवशी भांडारातल्या बाबूनं यंत्र हातात घेतलं, सेल काढून पाहिले, परत घातले. नियमाप्रमाणं आतलं सगळं पुसून द्यायचं असतं. यंत्रानं विचारलं, नक्की? बाबू म्हणाला, नक्की. मी समोर उभा होतो. मागून शालीची घडी कुणीतरी उलगडत होतं.

आता ब्रह्मपुरीत राहतो. गुडघे जंगलात नेत नाहीत. फोन आहे, त्याला सगळे रस्ते माहीत आहेत आणि तो ते न विचारता सांगतो. दसरूचा झरा त्याला माहीत नाही. मलाही आता नेमका सांगता येणार नाही.

माझ्याकडे एकच कागद उरला आहे: राजेबाईच्या अमान्य दाव्याची झेरॉक्स. बरोबर आकडे सरकारदरबारी आहेत, चुकीचे माझ्याकडे. मागच्या हिवाळ्यात ते फोनमध्ये घातले. फोनही बासष्ट सेकंद घेईना. एक मिनिट पुढं ढकलून दोन सेकंद लिहिले, तेव्हा घेतले. चारही खुणा तलावात पडल्या. दुसऱ्या दिवशी बस धरली, मग जीप, मग काठी टेकत तलावाच्या बांधापर्यंत गेलो.

किसन आता म्हातारा झाला आहे, पण डोंगा चालवतो. मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, जरा पाण्यात ने. तो वल्हवत राहिला. हिवाळ्यातलं पाणी पुरुषभर होतं. मी फोनवर वायव्य कोपऱ्याचं अंतर पाहत होतो: चाळीस मीटर, तीस, वीस. किसननं वल्हं उचललं आणि डोंगा थांबवला.

‘‘इथी,’’ तो म्हणाला. ‘‘इथीच उभे होते तुमी दोघं.’’

फोन म्हणत होता, अजून अकरा मीटर. मी तो खिशात ठेवला.